अग्रलेख आणि रोजकीर्द

३ जून २०२४ रोजी न्यू यॉर्कमधील संघीय सरकारी वकिलांनी एका वृत्तसंस्थेच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याविरुद्ध आरोपपत्र खुले केले, तेव्हा त्या कागदात संस्थेचा उल्लेख 'एक बहुराष्ट्रीय माध्यम कंपनी' एवढ्याच मोघम शब्दांत होता. परंतु वेइडोंग ऊर्फ बिल ग्वान हे गृहस्थ कोणाचा जमाखर्च सांभाळतात हे जगजाहीर असल्यामुळे, ती कंपनी म्हणजे 'एपॉक टाइम्स' हे उघड व्हायला एक दिवसही लागला नाही. कम्युनिस्ट चीनचा कडवा विरोध आणि डोनाल्ड ट्रम्प यांचा तितकाच कडवा पुरस्कार या दोन खांबांवर उभे असलेले, अमेरिकेतील उजव्या विचाराच्या असंख्य वाचकांनी आपले मानलेले हे पत्र. त्याच्या तिजोरीत किमान ६ कोटी ७० लाख डॉलरांचा काळा पैसा उजळ करून आणला गेला, असा फिर्यादी पक्षाचा दावा आहे. हा अमेरिकेच्या घरगुती राजकारणातील एक कज्जा आहे असे म्हणून त्याकडे पाठ फिरवणे सोपे आहे. परंतु पक्षाभिमानी पत्र आणि त्याचा पैसा यांच्या नात्याविषयी त्यातून जो प्रश्न उभा राहतो तो अमेरिकेपुरता नाही, आणि पक्षाभिमानी पत्रांच्याच परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला तर तो मुळीच परका नाही.

प्रथम आरोपाचे स्वरूप पाहू. महासाथीच्या पहिल्या वर्षी अमेरिकेत कोट्यवधी लोकांचा रोजगार गेला, तेव्हा बेकारीभत्ता त्वरेने पोहोचावा म्हणून छाननीचे निर्बंध बरेच सैल करण्यात आले, आणि अनेक राज्यांनी ती रक्कम आगाऊ भरणा केलेल्या डेबिट कार्डांवर दिली. दुसऱ्याची जन्मतारीख आणि सामाजिक सुरक्षा क्रमांक चोरून त्याच्या नावाने भत्ता उचलणाऱ्या टोळ्यांना ही पर्वणीच वाटली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२३ मध्ये बांधलेल्या अदमासानुसार महासाथीतील बेकारीभत्त्याची अफरातफर १०,००० ते १३,५०० कोटी डॉलरांच्या घरात जाते. असा पैसा हाती आलेल्या चोराची अडचण ही की तो उजळ माथ्याने खर्च करता येत नाही, म्हणून दर्शनी किमतीहून स्वस्तात विकावा लागतो. आरोपपत्राच्या म्हणण्याप्रमाणे, ग्वान यांच्या देखरेखीखाली परदेशातील एका कार्यालयात 'मेक मनी ऑनलाइन' अशा निःसंकोच नावाचा एक चमू काम करीत असे; हा चमू आभासी चलन मोजून, एका डॉलरला ७० ते ८० सेंट या दराने, असला पैसा विकत घेई, आणि चोरलेल्या ओळखींवर उघडलेल्या खात्यांतून फिरत फिरत तो अखेरीस पत्राशी संबंधित संस्थांच्या आणि स्वतः ग्वान यांच्या खात्यांत येऊन पडे.

कागदोपत्री हा पैसा कोणत्या सदरी पडला, हे विशेष पाहण्यासारखे आहे. २०१९ मध्ये सुमारे दीड कोटी डॉलर असलेले वार्षिक उत्पन्न २०२० मध्ये ६ कोटी २० लाखांवर गेले, तेव्हा बँकांनी साहजिकच विचारणा केली; तिला ग्वान यांनी दिलेले उत्तर, आरोपपत्रानुसार, असे की वाढीव रक्कम देणग्यांची आहे. पुढे २०२२ मध्ये एका संसद-सदस्याच्या कार्यालयाला लिहिलेल्या पत्रात मात्र, देणग्यांचा वाटा एकूण उत्पन्नात अगदी नगण्य आहे असे त्यांनीच कळवले. ग्वान यांनी आरोप नाकारले आहेत. कंपनीने त्यांना निलंबित करून तपासाला संपूर्ण सहकार्याचे वचन दिले. आणि या आरोपांचा वृत्तसंकलनाशी संबंध नाही, असे सरकारी वकिलांनीही त्याच वेळी नमूद करून ठेवले. आरोप म्हणजे शाबीत गुन्हा नव्हे, हे न्यायाचे तत्त्व आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही लागू असते, किंबहुना त्याच्याच बाबतीत त्या तत्त्वाची खरी परीक्षा होते. म्हणून ग्वान दोषी की निर्दोष याचा निवाडा न्यायालयाकडे सोपवून, या प्रकरणाने वाचकापुढे जो विषय ठेवला आहे त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

हे पत्र जन्माला आले ते मात्र कोणाही न्यायप्रिय माणसाची सहानुभूती मिळवील अशा परिस्थितीत. ली होंगझी यांनी १९९२ मध्ये चीनमध्ये सुरू केलेला, संथ हालचालींचे व्यायाम, ध्यान आणि नीतिबोध यांचा मेळ घालणारा फालुन गोंग हा पंथ त्या दशकात इतका फोफावला की एप्रिल १९९९ मध्ये त्याचे सुमारे दहा हजार अनुयायी बीजिंगमध्ये सत्ताधाऱ्यांच्या निवासपरिसराबाहेर मूकपणे उभे राहिले. त्या शिस्तबद्ध मौनानेच राज्यकर्त्यांचा थरकाप उडाला असावा. कारण त्याच वर्षीच्या जुलैत पंथावर बंदी आली, त्याच्या निर्दालनासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले, आणि अटका, सक्तीचे मतपरिवर्तन, श्रमछावण्या व कोठडीतील मृत्यू यांचे सत्र सुरू झाले. सर जेफ्री नाइस यांच्या अध्यक्षतेखाली लंडनमध्ये बसलेल्या स्वतंत्र न्यायासनाने २०१९ मध्ये, बंदिवानांचे अवयव बळजबरीने काढून घेण्याचे प्रकार चीनमध्ये अनेक वर्षे घडले आणि फालुन गोंगचे अनुयायी त्याचे मुख्य बळी होते, असा निष्कर्ष नोंदवला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या, या पंथाच्या चिनी अनुयायांनी २००० मध्ये हे पत्र काढले ते या पार्श्वभूमीवर, मायदेशातील मूक केलेल्यांना वाचा देण्यासाठी; प्रथम चिनी भाषेत, आणि काही वर्षांनी इंग्रजीत. त्या आरंभकाळात त्याच्यासाठी चीनमध्ये काम करणाऱ्या वार्ताहरांना तुरुंगात जावे लागले, हेही विसरता येत नाही.

अशा पत्राचे रूपांतर कसे होत गेले हे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. २०१६ च्या सुमारास चीनविरोधाचा ध्वज हाती घेतलेला एक अमेरिकी राजकारणी त्याला तारणहार वाटू लागला, आणि त्या क्षणापासून चीनच्या बाबतीत बाळगलेली निष्ठा अमेरिकेच्या अंतर्गत पक्षकलहात जुंपली गेली. २०१९ च्या पूर्वार्धात सहा महिन्यांत या पत्राने फेसबुकवर ट्रम्प यांच्या बाजूच्या सुमारे ११,००० जाहिराती दिल्या आणि त्यांवर १५ लाख डॉलरांहून अधिक खर्च केला. स्वतः ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेखेरीज कोणीही एवढा खर्च केला नव्हता. जाहिराती कोण देत आहे हे झाकणारी पाने वापरल्यामुळे ऑगस्टमध्ये फेसबुकने त्याच्या जाहिराती बंद केल्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरात फेसबुकने 'बीएल' नावाचे एक अवाढव्य जाळे उखडून टाकले. शेकडो खोटी खाती, त्यांवर यंत्राने घडवलेले, जगात कोठेही अस्तित्वात नसलेल्या माणसांचे चेहरे, आणि या साऱ्याच्या मागे-पुढे सुमारे साडेपाच कोटी अनुसरणकर्ते. फेसबुकने या जाळ्याचा संबंध एपॉक माध्यमसमूहाशी जोडला. समूहाने तो नाकारला. पुढल्या वर्षी महासाथ आली तेव्हा विषाणूला चिनी कम्युनिस्ट पक्षाचे नाव देऊन, तो जैविक अस्त्र म्हणून निर्माण झाला असावा अशी सूचना करणारा मजकूर या पत्राने कॅनडातील घराघरांत विनामूल्य पोहोचवला. आणि नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीनंतर, साठाहून अधिक दाव्यांत न्यायालयांनी गैरप्रकाराचे आक्षेप अमान्य केले तरी, चोरलेल्या निवडणुकीची कथा त्याच्या पानांवर जोमाने नांदत राहिली.

या ठिकाणी अनेक टीकाकार जो सरळ निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. ते म्हणतात, हे पत्र पक्षपाती होते, म्हणून ते असत्याकडे वळले, आणि असत्याकडे वळले म्हणूनच त्याची तिजोरी भ्रष्ट झाली असावी. सबब पत्राने निःपक्षपाती असावे. हा उपदेश ऐकायला गोड असला तरी इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, आणि मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासाच्या कसोटीला तर मुळीच नाही. 'केसरी' पक्षपाती होता, 'सुधारक' पक्षपाती होता, 'दीनबंधु' पक्षपाती होता. प्रत्येकाला आपला पक्ष होता, आणि तो मांडताना प्रतिपक्षाची भीडमुर्वत ठेवण्याची त्यांपैकी कोणाचीही प्रथा नव्हती. टिळकांशी न पटल्यावर आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, तो दोन्ही बाजूंना समान जागा देणारे एखादे नेमस्त पत्र काढण्यासाठी नव्हे, तर स्वतःची एक बाजू निर्भीडपणे मांडता यावी म्हणून. ज्या समाजात एका पक्षाच्या हातात सत्ता, शाळा, देवळे आणि छापखाने असतात, तेथे दुसऱ्याने पक्षपाती पत्र काढणे हा दोष नसून कित्येकदा कर्तव्य ठरते.

आणि पैशाच्या बाबतीतही केवळ दुसऱ्याचा पैसा घेतला म्हणून पत्र मलिन होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्यास कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी दिलेले २,५०० रुपयांचे साहाय्य होते. संस्थानाधिपतीचा पैसा, अस्पृश्यांचे मुखपत्र आणि ब्राह्मणेतर चळवळीचा ऐन जोर, हा सारा योग पाहिला तर संशयाला जागा भरपूर होती; परंतु या पैशामागे आडपडदा नव्हता, देणारा कोण, घेणारा कोण आणि देण्याचा हेतू काय हे सर्वांना ठाऊक होते, आणि म्हणून 'मूकनायक'चा वाचक त्याचा शब्दन् शब्द त्या माहितीच्या उजेडात तोलू शकत होता. दाता उघड असेल तर वाचकाला मजकुराचे वजन ठरवता येते. दाता झाकलेला असेल तर अत्यंत सत्य मजकुराचेही वजन ठरवता येत नाही. पक्षपात आणि लबाडी यांमधली सीमारेषा येथे आहे, आणि ती मतांतून जात नसून वहीखात्यातून जाते.

दुसरी सीमारेषा चुकीच्या कबुलीची. १८८१-८२ च्या सुमारास कोल्हापूरच्या छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांच्या होणाऱ्या छळाविषयी महाराष्ट्रात अतोनात क्षोभ होता, आणि कारभारी माधवराव बर्वे यांनी लिहिली म्हणून सांगितली गेलेली काही पत्रे हाती आली तेव्हा 'केसरी' आणि 'मराठा' यांनी त्यांवर विश्वास ठेवून बर्व्यांवर घणाघाती हल्ला केला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली. तरीही जुलै १८८२ मध्ये त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. या कथेचा उत्तरार्ध आपण सहसा तुरुंगाच्या दरवाजावरील सत्काराने संपवतो, परंतु तिचा बोध त्याहून गहन आहे. पुढल्याच वर्षी डिसेंबरात, अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात असताना, एका गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत तो तरुण राजा मरण पावला. म्हणजे छळाची शंका निराधार नव्हती, कार्य न्याय्य होते, मात्र पुढे केलेले पुरावे खोटे होते. कार्य न्याय्य असल्यामुळे पुरावा खरा ठरत नाही, आणि पुरावा खोटा ठरल्याने कार्य अन्याय्य ठरत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी मनात बाळगण्याचे धैर्य त्या दोन तरुण संपादकांनी न्यायालयात दाखवले. फालुन गोंगचा छळ खरा आहे म्हणून चोरलेल्या निवडणुकीची कथा खरी ठरत नाही, हे 'एपॉक टाइम्स'च्या चालकांना उमगले असते तर त्यांची प्रतिष्ठा आज निराळी असती.

आता हिशेबाच्या आणि मजकुराच्या खोटेपणाचे परस्परांशी काय नाते, हा प्रश्न राहतो. वरवर पाहता काही नाही असेच दिसते. सरकारी वकिलांनीच तसे म्हटले आहे. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु पक्षाभिमानी पत्राचे उत्पन्न हे इतर धंद्यांच्या उत्पन्नासारखे केवळ उत्पन्न नसते. ते त्या पत्राच्या युक्तिवादाचा एक भाग असते. 'प्रस्थापित माध्यमांनी सत्य दडपले, आम्ही ते सांगितले, आणि पाहा, जनता आमच्याकडे लोटली' असा ज्या पत्राचा अहोरात्र दावा असतो, त्याच्या रोजकीर्दीतील प्रत्येक जमा रक्कम ही त्या दाव्याच्या बाजूने पडलेली साक्ष असते. एका वर्षात चौपट झालेले उत्पन्न हे जाहिरातदाराला, राजकारण्याला आणि नव्या वर्गणीदाराला एकच गोष्ट सांगत असते, ती ही की लोकांचा विश्वास येथे आहे. त्या उत्पन्नाचा काही भाग जर खरोखर बेकारांच्या नावाने उचललेल्या भत्त्याचा असेल, तर ती जमा म्हणजे वाचकांविषयीच वाचकांना सांगितलेली एक खोटी बातमी ठरते. आणि फेसबुकवरील यंत्रनिर्मित चेहऱ्यांनी जे काम केले तेच काम देणगीदारांच्या सदरात लिहिलेल्या रकमांनी केले असे म्हणावे लागेल. दोहोंचा उद्देश एकच, अस्तित्वात नसलेली गर्दी अस्तित्वात आहे असे भासवणे. म्हणून हा आरोप शाबीत होवो वा न होवो, तो करण्यासारखी परिस्थिती ज्या पत्रात निर्माण होते, त्याच्या संपादकाला 'तो हिशेबखात्याचा प्रश्न, माझा नव्हे' असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

या विषयात कायद्याची मर्यादाही ओळखून असावे. असत्य छापणे हा बहुतेक लोकशाही देशांत स्वतंत्र अपराध नाही, आणि तो नसावा हेच श्रेयस्कर आहे. ज्या असत्याने एखाद्या ठरावीक माणसाची अब्रू जाते त्याला दाद मागता येते. २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत मारल्या गेलेल्या वीस मुलांच्या शोकाकुल आईबापांना नाटकी ठरवणाऱ्या 'इन्फोवॉर्स'च्या अ‍ॅलेक्स जोन्स यांच्यावर कनेक्टिकटच्या ज्यूरीने २०२२ मध्ये ९६ कोटी ५० लाख डॉलरांची भरपाई लादली, आणि मतदानयंत्रांविषयीच्या खोट्या आरोपांबद्दल 'फॉक्स न्यूज'ने २०२३ मध्ये डोमिनियन कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. परंतु विषाणूविषयी, लशीविषयी किंवा सबंध निवडणुकीविषयी पसरवलेल्या असत्याने ज्याचे नुकसान होते तो सारा समाज असतो, आणि समाजाला फिर्यादी म्हणून उभे राहता येत नाही. त्यामुळे कायद्याचा हात अशा पत्राच्या मजकुरापर्यंत पोहोचत नाही, तो पोहोचलाच तर हिशेबापर्यंत पोहोचतो. याचा अर्थ असा की ग्वान यांना शिक्षा झाली तरी पत्रातील एकही बातमी त्यामुळे खोटी ठरणार नाही, आणि ते निर्दोष सुटले तरी एकही बातमी खरी ठरणार नाही.

या पोकळीत सरकारने शिरावे आणि सत्यासत्याचा निवाडा करावा, अशी सूचना करणारे सज्जन आपल्याकडेही आहेत. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे पाहावे. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा, बनावट किंवा दिशाभूल करणारा आहे की नाही हे सरकारच्याच तथ्य-तपासणी कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत घालण्यात आली. तिच्याविरुद्धच्या याचिकांवर प्रथम दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिसऱ्या न्यायमूर्तींच्या निर्णयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरली. स्वतःच्या दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे जुने सूत्र येथे पुन्हा एकदा कामास आले. तसेच पैशाची चौकशी हेही निर्मळ हत्यार नाही. 'न्यूजक्लिक'चे संपादक प्रबीर पुरकायस्थ यांना परकीय पैशाच्या आरोपावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली, आणि अटकेची कारणे त्यांना लेखी दिली गेली नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये ती अटक बेकायदा ठरवली. ज्याला पत्राचा मजकूर आवडत नाही अशा अंमलदाराच्या हाती हिशेबाची किल्ली देणे किती धोक्याचे आहे, हे सांगायला याहून निराळे उदाहरण नको. अमेरिकेतील फिर्याद आणि दिल्लीतील अटक यांची तुलना करताना एवढेच म्हणता येईल की पहिलीत आरोपपत्र खुले होते, आक्षेप मुद्देसूद होते आणि वृत्तलेखनाला हात लावला नव्हता. हीच काळजी घेतली तर चौकशीला सूडाचे रूप येण्याची भीती कमी होते.

मग उपाय कोणता? मला वाटते, तो आपल्या दारीच आहे आणि फार जुना आहे. दरवर्षी फेब्रुवारी संपला की मार्चच्या पहिल्या अंकाच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक टाइपात छापलेली एक चौकट मराठी वर्तमानपत्रांच्या वाचकांनी पाहिली असेल, क्वचितच वाचली असेल: फॉर्म ४, नियम ८. प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे आणि एकूण भांडवलाच्या एक टक्क्याहून अधिक हिस्सा असणाऱ्या मालकांची यादी, इतका मजकूर सही-दिनांकानिशी जाहीर करण्याचे बंधन १९५६ च्या नियमांनी छापील पत्रांवर घातले. ही चौकट म्हणजे गावच्या बाजारातील मापावर दरसाल उमटवलेला शिक्का होय. धान्य चांगले की वाईट हे तो सांगत नाही, परंतु माप कोणाचे हे सांगतो. महाजालावरच जन्मलेल्या वृत्तसंस्थांनी मात्र अशी घोषणा वाचकांपुढे करण्याची रूढी आपल्याकडे पडलेली नाही. सरकारकडे माहिती पोहोचवणे निराळे आणि वाचकापुढे ती ठेवणे निराळे. या चौकटीला आणखी दोन कलमे जोडावीत: एक, वर्षातील उत्पन्नापैकी वर्गणी किती, जाहिराती किती, देणग्या किती आणि मोठे देणगीदार कोण; दुसरे, वर्षभरात कोणकोणत्या बातम्यांची दुरुस्ती केली आणि ती कोठे छापली. यात कोणाच्या मताला प्रतिबंध नाही, कोणाच्या सत्यासत्याचा निवाडा नाही, आणि सरकारी कक्षाची गरजही नाही. ज्याला कट्टर व्हायचे आहे त्याने मनसोक्त कट्टर व्हावे, मात्र ते स्वतःच्या नावावर आणि दाखवता येईल अशा पैशावर.

हा आग्रह धरायचा कोणी, यावर सारे अवलंबून आहे. प्रतिपक्षाने धरून उपयोग नाही, कारण 'एपॉक टाइम्स'च्या विरोधकांनी त्याच्यावर केलेला प्रत्येक आक्षेप त्याच्या वाचकांना चिनी सत्तेच्या कारस्थानाचाच पुरावा वाटत आला, आणि आपल्याकडेही आपल्या आवडत्या वाहिनीवरचा आक्षेप आपण आक्षेप घेणाऱ्याचा पक्ष पाहूनच निकालात काढतो. ज्याच्या वर्गणीवर पत्र चालते, ज्याच्या निष्ठेच्या नावाने ते बोलते, त्या स्वपक्षीय वाचकानेच पैशाची आणि दुरुस्तीची विचारणा केली, तर तिला कारस्थान म्हणता येत नाही. अशी विचारणा करणे म्हणजे पक्षाशी द्रोह, ही समजूत सर्व पक्षांत सारखीच रुजलेली आहे, आणि तीच या व्याधीचे मूळ आहे. 'एपॉक टाइम्स'च्या पायी सर्वांत मोठी हानी ट्रम्प यांची झाली नाही, त्यांच्या विरोधकांची झाली नाही; ती झाली चीनच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या त्या अनुयायांची, ज्यांची खरी साक्ष ज्या पत्राच्या आधाराने जगापर्यंत पोहोचायची, त्या पत्राचे नाव ऐकताच आता जगाच्या भुवया उंचावतात. ज्यांचे कार्य न्याय्य आहे त्यांना आपल्या पत्राची झडती प्रतिपक्षाआधी घेण्यावाचून गत्यंतर नाही, कारण शत्रूने ती घेतली तर त्यात पत्रापाठोपाठ कार्यही बदनाम होते.